कुशीवर झोपवलेला माणूस पहाटे पुन्हा उताणा का सापडतो?

रात्री दहाला माणूस कुशीवर झोपतो. पहिला तास-दीड तास घर शांत असतं. मग घोरणं सुरू होतं, चढत जातं आणि पहाटे तीन-चारच्या सुमाराला मध्येच बंद पडतं. दहा सेकंद, पंधरा सेकंद काही आवाज नाही. छाती-पोट हलताना दिसतं, पण नाकातोंडातून हवा जात नाही. मग अंग दचकतं, मोठा आवाज करून श्वास ओढला जातो आणि पुन्हा घोरणं. दिवा लावून बघावं तर माणूस उताणा पडलेला, तोंड उघडं.

सकाळची लक्षणं अशी: तोंडाला कोरड, डोकं जड किंवा दुखणारं, रात्रीतून दोन-तीनदा लघवीला उठणं, आठ तास झोपूनही दुपारी बसल्या जागी डुलकी. विसरभोळेपणा वाढतो, कारण नसताना चिडचिड होते. उताणं होऊ नये म्हणून बंडीच्या खिशातून पाठीला बॉल बांधत असाल तर तो सकाळी काखेत आलेला सापडतो किंवा बंडीच खुर्चीवर काढून ठेवलेली असते. आणि एक तक्रार जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते, "कुशीवर झोपलं की खांदा भरून येतो."

यातली दोन-चार लक्षणं ओळखीची वाटली, स्लीप ॲप्नियाचं, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराचं, निदान झालेलं असेल आणि डॉक्टरांनी "कुशीवर झोपा" म्हणून सांगितलं असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. निदान अजून झालं नसेल, तर खालचं काही करण्याआधी ते करून घ्या.

मी सांगलीत घरी शिवणकाम करते. सहा वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना हा आजार निघाला. हे टेम्पो चालवतात, बेदाणा आणि हळद घेऊन रात्रीचे वाशी मार्केटला जातात. एकदा खंबाटकी घाट उतरताना यांचा डोळा लागला. क्लीनरने हाक मारली म्हणून वाचले. त्यानंतर तपासणी झाली आणि मी पाठीला खिसा असलेली पहिली बंडी शिवली. तिचं काम दिसल्यावर शेजारी, नातेवाईक, मग अनोळखी लोकही येऊ लागले. आजवर चाळीसेक बंड्या शिवल्या असतील. त्यातल्या निम्म्याहून जास्त एकदा तरी परत आल्या, "ताई, घालतो पण पहाटे उताणाच असतो" असं म्हणत. मी त्या घरी जाते, पलंग बघते, उशी दाबून बघते, माणसाला झोपायला लावून बघते. मी डॉक्टर नाही. पण हे बिघडतं कुठे ते आता मला बऱ्यापैकी कळतं. बहुतेक वेळा बंडीत दोष नसतो. माणसाला उताणं व्हायला भाग पाडणारं काहीतरी दुसरंच असतं, आणि ते तसंच ठेवून पाठीला कितीही बॉल बांधले तरी शरीर वाट काढतं.

कुशीवर झोपायला का सांगतात ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या तपासण्यांचा अर्थ लागेल. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. उताणं असताना जीभ आणि मऊ टाळू स्वतःच्या वजनाने मागे ढळतात आणि घशाची वाट अरुंद करतात, कधी पूर्ण बंद करतात. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला की त्याला ॲप्निया म्हणतात. असे थांबे आणि अर्धवट अडथळे मिळून तासाला किती, तो आकडा म्हणजे रिपोर्टमधला एएचआय. प्रौढांमध्ये ५ च्या खाली सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० पासून पुढे तीव्र. कुशीवर झोपलं की जीभ मागे न जाता बाजूला झुकते आणि वाट मोकळी राहते.

आता पहाटेचंच गणित का? स्वप्नं पडतात ती झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते. तेव्हा अंगाचे स्नायू सगळ्यात सैल असतात आणि श्वासही सगळ्यात जास्त अडकतो. म्हणून रात्री अकरा वाजता माणूस कुशीवर आहे हे बघून समाधान मानू नका. तीन ते सहा या वेळेत तो कसा झोपलाय ते बघा.

आधी फाइल उघडा, पैसे लागत नाहीत

झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट कपाटातून काढा. बहुतेक लोक त्यातला एकच मोठा आकडा पाहतात आणि फाइल बंद करतात. तुम्हाला हवा आहे तो तक्ता ज्यात झोपण्याच्या स्थितीप्रमाणे आकडे वेगळे दिलेले असतात: उताणं असताना किती, कुशीवर असताना किती.

आमच्या ह्यांच्या रिपोर्टमध्ये एकूण एएचआय १९ होता. उताणं असताना ३८, कुशीवर ७. म्हणजे अर्ध्याहून जास्त रात्र कुशीवर होते म्हणून एकूण आकडा १९ वर राहिला. डॉक्टरांनी मला सांगितलं की उताण्याचा आकडा कुशीवरच्या आकड्याच्या दुप्पट किंवा जास्त असेल, तर त्याला स्थितीवर अवलंबून असलेला ॲप्निया समजतात. रोझालिंड कार्टराइट या अमेरिकेतल्या संशोधिकेने १९८४ मध्ये ही दुपटीची कसोटी मांडली आणि ती आजही वापरतात. या कसोटीने पाहिलं तर निम्म्याहून जास्त रुग्ण या गटात येतात. सौम्य आणि मध्यम आजार असलेले, त्यातही फार स्थूल नसलेले लोक यात जास्त असतात.

पण माझ्या धाकट्या दिरांचा रिपोर्ट असा होता: उताणं ५२, कुशीवर ४१. कुशीवर झोपूनही त्यांचा आजार तीव्रच राहतो. भाऊजींनी माझ्याकडे बंडी मागितली तेव्हा मी नाही म्हणाले आणि आग्रह करून त्यांना सीपॅप, म्हणजे दाबाने हवा सोडून घशाची वाट उघडी ठेवणारं मशीन, घ्यायला लावलं. ही तपासणी सगळ्यात पहिली ठेवण्याचं कारण हेच आहे. ज्याचा आजार कुशीवरही तेवढाच आहे, त्याने बंडी घालून घोरणं थोडं कमी केलं, तर घरच्यांना वाटतं बरं झालं, आणि आतला आजार तसाच चालू राहतो.

आणखी एक गोष्ट त्याच तक्त्यात बघा. कुशीवर किती मिनिटं झोप झाली? तपासणीच्या रात्री अंगाला वायरी असतात, बरेच लोक घाबरून उताणेच पडून राहतात. कुशीवर फक्त वीस मिनिटं झोप झाली असेल आणि तीही रात्रीच्या सुरुवातीची, तर कुशीवरचा आकडा कितीही छान दिसला तरी त्यावर भरवसा ठेवू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, "कुशीवरची स्वप्नांची झोप यात आली आहे का?" रिपोर्टमध्ये स्थितीचे आकडेच नसतील, तर तेही विचारून घ्या. काही घरगुती तपासण्यांत स्थिती नोंदवणारा सेन्सर नसतो.

दोन रात्री मोबाइलने चित्रण करा

पलंगापासून हातभर लांब स्टुलावर मोबाइल ठेवा, चार्जरला लावा, झिरोचा दिवा चालू ठेवा. पहाटे अडीच-तीनला गजर लावून घरातल्या कुणीतरी चित्रण सुरू करावं आणि सहापर्यंत राहू द्यावं. ज्याची झोप बघायची त्याला आधी सांगा, त्याच्या परवानगीने करा.

चित्रणात तीन गोष्टी शोधा. माणूस उताणा किती वाजता होतो? होण्याच्या लगेच आधी काय घडतं, लघवीला उठतो का, खांदा चोळतो का, नाक ओढतो का, घाम पुसतो का? आणि धड कुशीवर असताना तोंड कुठे आहे? ही तिसरी गोष्ट माझ्याही लक्षात उशिरा आली. कित्येकांचं अंग कुशीवर असतं, पण मान वळून तोंड छताकडे असतं. अशा वेळी बंडी तिचं काम करत असते, तरी घशाची वाट अरुंदच राहते. त्यावर उपाय पाठीला नाही, उशीला करायचा असतो.

हे चित्रण नसेल तर पुढचं सगळं अंदाजाने होतं. मी हल्ली चित्रण बघितल्याशिवाय माप घेत नाही.

लघवीचं मुद्दाम सांगते. ॲप्नियामुळेच रात्री लघवीला उठावं लागतं. माणूस तीनला उठतो, बंडीची बटणं काढतो, परत येऊन अर्धवट झोपेत उताणा पडतो. चित्रणात हे दिसलं तर कारण सापडलं. बंडी पुढून उघडायची असेल तर ती न काढता जाता आलं पाहिजे, आणि परतल्यावर पलंगाच्या कडेला बसून, एका कुशीवर टेकत मग पाय वर घ्यायचे अशी सवय लावावी लागते. पाठ टेकून पडायचं आणि मग वळायचं, असं अर्धवट झोपेत होत नाही. ह्यांना ही सवय लागायला तीन आठवडे गेले. मी रोज उठत होते.

संध्याकाळचा हिशेब

दारू घशाचे स्नायू आणखी सैल करते आणि झोप इतकी जड आणते की पाठीखाली बॉल टोचला तरी जाग येत नाही. झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्यांनीही तेच होऊ शकतं. मात्र गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना ॲप्निया आहे हे सांगा. रात्रीचं जेवण उशिरा आणि भरपेट असेल तर आंबट पाणी घशाशी येतं आणि माणूस अस्वस्थ होऊन सारखा कूस बदलतो. ज्यांना पित्ताचा हा त्रास आहे त्यांनी उजव्यापेक्षा डावी कूस धरावी. डाव्या कुशीवर जठरातलं आम्ल अन्ननलिकेत कमी चढतं.

नाक

याकडे कुणी बघत नाही, आणि माझ्या अनुभवात परत आलेल्या बंड्यांचं हे फार मोठं कारण आहे. कुशीवर झोपलं की खालच्या बाजूची नाकपुडी थोडी चोंदते. निरोगी माणसात त्याने काही बिघडत नाही. पण ज्याचं नाक ॲलर्जीने आधीच अर्धं बंद आहे, किंवा ज्याचा मधला पडदा वाकडा आहे, त्याला कुशीवर श्वास पुरत नाही. शरीर मग दोन्ही नाकपुड्या मोकळ्या करायला उताणं होतं. त्याला तिथून ढकलून काय उपयोग?

करून बघायची गोष्ट सोपी आहे. जागेपणी तोंड मिटून डाव्या कुशीवर पाच मिनिटं पडा, मग उजव्या. एका बाजूला घुसमटल्यासारखं होत असेल तर नाकावर काम करा. झोपण्यापूर्वी मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुवा. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं, नळाचं किंवा फिल्टरचं थेट घेऊ नका, अशा पाण्यातून नाकावाटे गंभीर संसर्ग होऊ शकतो. उशीचे अभ्रे आणि चादरी आठवड्याला गरम पाण्यात धुवा, गादीला कडक ऊन दाखवा. नाक मोकळं करणारे थेंब मेडिकलमधून आणून महिनोन्‌महिने वापरणारे लोक मी पाहिले आहेत. ते थेंब तीन-चार दिवसांपलीकडे वापरले की नाक उलट जास्त चोंदतं. पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. इथे घरगुती उपाय ताणू नका.

उशी

भिंतीला खांदा लावून सरळ उभे राहा. गालापासून भिंतीपर्यंत जे अंतर उरतं, तेवढी उंची तुमच्या उशीला डोकं टेकल्यावर राहिली पाहिजे. डोकं टेकल्यावरची उंची मोजा, दुकानातली नाही. कापसाची जुनी उशी दाबली की चपटी होते, मग डोकं खाली जातं, मान वाकते, सगळा भार खालच्या खांद्यावर येतो आणि तासाभरात खांदा माणसाला उठवून उताणं करतो. उलट दोन उशा रचल्या तर मान वर ताठते आणि हनुवटी छातीकडे येते, त्यानेही घसा दबतो.

गादीप्रमाणे हे बदलतं. कापसाच्या किंवा काथ्याच्या कडक गादीत खांदा रुतत नाही, तिथे पूर्ण उंची लागते. मऊ फोमच्या गादीत खांदा आत जातो, तिथे उशी पातळ लागते. मुलाने मुंबईहून मऊ गादी पाठवली आणि उशी जुनीच राहिली, असं झालेलं घर मी पाहिलंय. चित्रणात सापडणारं "अंग कुशीवर, तोंड छताकडे" हेही बहुधा उशीमुळेच होतं. उशीची पुढची कड, म्हणजे तोंडाकडची, जरा खाली आणि मानेमागची कड जरा वर असेल अशी सुती कापडाची गुंडाळी मानेमागे घातली की डोकं मागे लोळत नाही.

गादीतला खड्डा

डबल बेडवरच्या जुन्या गादीला मधोमध खड्डा पडलेला असतो. त्यात कुशीवर झोपणं म्हणजे उतारावर उभं राहण्यासारखं आहे, अंग स्नायू सैल पडताक्षणी खड्ड्यात घसरतं आणि उताणं होतं. लांब काठी किंवा शिलाईची मोजपट्टी ताणून गादीवर आडवी धरा. मध्ये तीन-चार बोटं जात असतील तर बंडीने काही होणार नाही.

कापसाची गादी असेल तर पिंजून घ्या. पूर्वी पिंजारी दारावर यायचे, आता बाजारात गादीवाल्याकडे न्यावी लागते, पण नवीन गादीपेक्षा फार स्वस्तात काम होतं. तोपर्यंत जमिनीवर सतरंजी आणि गोधडी घालून आठ दिवस झोपून बघा. गुडघे दुखत नसतील आणि उठता-बसता येत असेल त्यांच्यासाठी ही चांगली परीक्षा आहे. जमिनीवर कुशीवर टिकतो आणि पलंगावर टिकत नाही, म्हणजे दोष पलंगाचा. आमच्या गल्लीतल्या एका काकांना तीन डॉक्टर आणि दोन बंड्या झाल्यावर मी जमिनीवर झोपवलं. चित्रणात पहाटेपर्यंत ते कुशीवरच होते. काकूंनी दुसऱ्याच दिवशी गादी पिंजायला दिली.

खांदा, गुडघे आणि लोड

खालचा हात डोक्याखाली किंवा उशीखाली घालू नका. तो हात बधिर होतो आणि जाग येते. खालचा खांदा जरा पुढे ओढून घ्या, म्हणजे भार सांध्याच्या टोकावर न येता पाठीच्या फऱ्यावर पसरतो. वरचा हात लोंबकळला की खांद्याला ओढ बसते, म्हणून छातीजवळ लोड घेऊन त्यावर हात टाका. दोन गुडघ्यांमध्ये पातळ उशी ठेवा, नाहीतर वरचा पाय पुढे पडून कंबर पिळवटते. आपल्याकडच्या बैठकीतले लोड यासाठी उत्तम असतात.

पाठीमागे लोड लावूनही काहींचं काम भागतं, बंडी लागतच नाही. पण तो चादरीच्या वर ठेवला तर अंगाच्या धक्क्याने सरकत जातो आणि सकाळी जमिनीवर असतो. चादरीच्या खाली घालून चादर गादीखाली घट्ट खोचा. याला मर्यादा एकच, दुसऱ्या कुशीवर वळता येत नाही, आणि रात्रभर एकाच खांद्यावर राहणं कुणालाही झेपत नाही.

खांदा वर उचलतानाही दुखतो, हात पाठीमागे जात नाही, असं असेल तर तो आखडलेला खांदा असू शकतो. मधुमेह असणाऱ्यांत हे जास्त दिसतं. त्या कुशीवर बळजबरीने झोपू नका, आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

आता बंडी

एवढं सगळं नीट करून मग बंडीकडे या. बाजारात कंप देणारे पट्टेही मिळतात, मानेला किंवा छातीला बांधायचे. माणूस उताणा झाला की ते थरथरतात आणि पूर्ण जाग न येता तो वळतो. चांगले आहेत, पण महाग आहेत, आणि आधी बंडीने कूस टिकते का हे बघूनच त्यावर खर्च करावा असं माझं मत आहे.

होजिअरीचा बनियन किंवा टी-शर्ट वापरू नका. तो ताणला जातो, रात्रीत अंगाभोवती फिरतो आणि बॉल काखेत येतो. मांजरपाट घ्या, आधी पाण्यातून काढून आटवून घ्या. छातीचं माप घेऊन फक्त दोन इंच लूज द्या. बाह्या नकोत, बगल मोकळी ठेवा, पुढून बटणं. कमरेला नाडी घाला, म्हणजे बंडी वर सरकत नाही.

खिसा कुठे, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. लोक कमरेच्या वर बॉल ठेवतात. कमरेत मुळातच पोकळी असते, उताणं झाल्यावर बॉल त्या पोकळीत जाऊन बसतो आणि काहीच टोचत नाही. खिसा दोन फऱ्यांच्या मध्ये हवा. एक बॉलही पुरत नाही. माणूस त्याच्या बाजूला पाठ टेकवतो. मी फऱ्यांच्या मध्ये उभ्या ओळीत तीन कप्पे करते, दुहेरी शिवण घालते, वरून वेलक्रो लावते, धुताना बॉल काढता यावेत म्हणून.

सुरुवात गल्ली क्रिकेटच्या टेनिस बॉलने करा. पण बॉल मणक्यावर रुततो आणि लोक कंटाळतात. ऑस्ट्रेलियात २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बॉल बांधायला सांगितलेल्या रुग्णांपैकी साधारण अडीच वर्षांनी दहा टक्क्यांहून कमी लोक तो वापरत होते. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. म्हणून आता मी बॉलऐवजी कडक फोमचा उभा तुकडा घालते, लांबी वीतभर, जाडी चार इंच, कडा गोल केलेल्या. तो टोचत नाही, पण त्यावर पाठ टेकून राहताही येत नाही. माणूस एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर मात्र वळू शकतो, आणि ते त्याला करता आलंच पाहिजे. फोम मिळेपर्यंत मुलांच्या शाळेच्या छोट्या दप्तरात जुना टॉवेल घट्ट गुंडाळून भरा, पट्टे छातीवर फडक्याने बांधा आणि चार रात्री तसं झोपून बघा.

पहिले चार-पाच दिवस झोप तुटतेच. दोन आठवडे द्या. त्यानंतरही माणूस काढून फेकत असेल तर पुन्हा नाक, उशी, गादी, खांदा या क्रमाने मागे जा. त्याला ओरडू नका. तो झोपेत आहे, मुद्दाम करत नाही.

काम झालं हे कशावरून समजायचं

घोरणं थांबलं म्हणजे श्वास सुरळीत झाला असं नाही. श्वास पूर्ण अडकतो तेव्हाही आवाज नसतोच. दिवसाची झोप कमी झाली का ते बघा. दवाखान्यात आठ प्रश्नांचा एपवर्थ नावाचा कागद भरून घेतात, बसून वाचताना, टीव्ही बघताना, प्रवासात अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता ० ते ३ मध्ये लिहायची. बेरीज १० च्या वर गेली तर झोप जास्त आहे असं धरतात. बंडी सुरू करण्यापूर्वी भरा, दोन महिन्यांनी पुन्हा भरा.

आणि मग बंडी घालून झोपेची तपासणी पुन्हा करून घ्या. खर्चाचं आहे, पण हे टाळू नका. ह्यांची दुसरी तपासणी झाली तेव्हा एकूण आकडा ६ आला. त्याच वेळी वजनही आठ किलो उतरलं होतं, त्याचाही वाटा त्यात आहेच. वजन दहा टक्क्यांनी उतरलं की एएचआय साधारण पाव हिश्शाने कमी होतो, असं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये अनेक वर्षं चाललेल्या अभ्यासात २००० साली दिसलं होतं.

इथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा

गाडी चालवताना एकदाही डोळा लागला असेल तर आजपासून गाडी थांबवा, उपचार लागू पडेपर्यंत. ह्यांनी चार महिने स्टिअरिंगला हात लावला नाही. घरात ओढाताण झाली, मी गणवेशांची जास्तीची कामं घेतली, पण दुसरा मार्ग नव्हता.

कुशीवरचाही एएचआय १५ च्या वर असेल, रिपोर्टमध्ये ऑक्सिजन बराच खाली गेलेला असेल, हृदयविकार असेल, पक्षाघात होऊन गेला असेल, दोन-तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर नुसत्या कुशीवर अवलंबून राहू नका. सीपॅप मशीन दाबाने हवा सोडून घशाची वाट उघडी ठेवतं. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिवन यांनी ते पहिल्यांदा वापरून दाखवलं आणि आजही मध्यम-तीव्र आजारात पहिला उपाय तोच आहे. मशीन लागलं म्हणून कुशीवर झोपणं सोडायचं नाही, कुशीवर अनेकांना कमी दाब पुरतो. ज्यांना मशीन दिलेलं आहे त्यांनी बंडी मिळाली म्हणून ते मनाने बंद करू नये. अशा माणसाला मी बंडी शिवून देत नाही.

गरोदर बाई, मणक्याची शस्त्रक्रिया झालेला माणूस, अर्धांगामुळे स्वतः कूस बदलू न शकणारा रुग्ण, यांच्या पाठीला काहीही बांधू नका. लहान मूल घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर तिथे टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठींचा प्रश्न असू शकतो. कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञांकडेच न्या. कुठल्याही ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना ॲप्निया आहे हे न विसरता सांगा. रात्री छातीत दुखून किंवा दम लागून जाग आली आणि बसल्यावरही दम कमी होत नसेल तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

डॉक्टरांकडे जाताना जुना रिपोर्ट, पहाटेचं चित्रण, चालू गोळ्यांची यादी आणि रात्री शेजारी झोपणारं माणूस, असं सगळं घेऊन जा. एकट्या रुग्णाला विचारलं तर तो मनापासून सांगतो, "मला तर छान झोप लागते." ह्यांनीही तसंच सांगितलं होतं, खंबाटकीच्या दुसऱ्याच दिवशी.